डावऱ्या हाताची गाठ

बनाबाई सुतारणीच्या घराला कुलूप नव्हतं. मी तिच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. माझ्या खोलीत एक वळकटी, एक स्टोव्ह आणि दोन धोतरं एवढाच ऐवज, तरी मी दाराला पितळेचं कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधत असे. बनाबाई ते कुलूप बघून हसायची. तिच्या खालच्या सोप्यात आठ-दहा कारागिरांची हत्यारं रोज रात्री मुक्कामाला असत, आणि त्यांच्या राखणीला ती एकटी पुरे होती. कुणाच्या पटाशीचा टवका उडाला असेल, पण कुणाची पटाशी तिथून गेली असं पेठेत कुणी सांगू शकलं नसतं.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी मी जयसिंगपूरहून कोल्हापुरात कचेरीत कारकून म्हणून आलो. त्या दिवसांत रंकाळ्याच्या अंगाला नवी घरं उठत होती आणि आसपासच्या गावांतून सुतार, गवंडी पायी कामाला येत. सगळी हत्यारं खांद्यावर टाकून रोज चार-चार मैल जायचं-यायचं म्हणजे अर्धी कंबर वाटेतच मोडायची. बरं, बांधकामावर ठेवावीत तर सकाळपर्यंत राहतील याची खात्री नाही. लाकूड तासायचे वाकस आणि रंधे उचलून नेणारे, दांडे बदलून जुन्या बाजारात मांडणारे लोक तेव्हाही होते. म्हणून संध्याकाळी सगळे बनाबाईच्या सोप्यात येत, आपापलं गोणपाटाचं पोतं भिंतीशी ठेवत, तिच्या हातचं तांब्याभर पाणी पीत आणि गावाकडे चालू लागत. ती त्यांच्याकडून पैसा घेत नसे. जो तो येताना कामावरच्या ढलप्या टॉवेलात बांधून आणायचा. बनाबाईची चूल बारा महिने सागवानाच्या ढलप्यांवर पेटायची आणि याचा तिला राजवाड्यातल्या बायकांनाही नसेल एवढा तोरा होता.

तिचा कायदा एकच होता. ज्याच्या हातानं हत्यार ठेवलं, त्याच्याच हातात ते परत जायचं. भाऊ आला, मुकादम आला, घरमालक स्वतः टांग्यातून उतरून आला, तरी नाही. एकदा एक इसम येऊन म्हणाला की बाळासोनं वाकस मागितलाय, काम अडलंय. बनाबाईनं त्याला नाही म्हटलं नाही. ‘बसा पावणं’ म्हणाली, पाणी दिलं, वर गूळ दिला, आणि बाळासो येईपर्यंत गप्पा मारत बसू म्हणाली. इसमाला घाम फुटला. गूळ तोंडात तसाच ठेवून तो जो गेला तो पुन्हा पेठेत दिसला नाही. ही गोष्ट तिनं मला निदान पंचवीस वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी त्या गुळाचा खडा थोडा मोठा व्हायचा.

हा कायदा तिनं कुठून आणला हे मात्र तिनं एकदाच सांगितलं. तिचा नवरा कृष्णात नावाजलेला सुतार होता. त्याची हत्यारं त्याच्या बापानं घडवून घेतलेली. एका दुपारी एक माणूस दारात आला, कृष्णातचं नाव घेतलं, त्याच्या मुकादमाचं नाव घेतलं, मालकांनी पोतं मागवलंय म्हणाला. बनाबाईनं स्वतःच्या हातानं ते पोतं उचलून त्याच्या खांद्यावर चढवलं, आणि वर जपून जा असंही सांगितलं. ते पोतं पुन्हा दिसलं नाही. कृष्णात तिला एका शब्दानं बोलला नाही. तो दुसऱ्यांची हत्यारं मागून काम करू लागला, मग लाकूड चिरायला रोजंदारीवर जाऊ लागला, आणि दोन वर्षांत खंगून गेला. तो बोलला असता तर बरं झालं असतं, एवढं म्हणून बनाबाई उठली आणि भांडी घासायला गेली.

बनाबाईला अक्षरओळख नव्हती. तिला गाठी मात्र वाचता यायच्या. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला सुतळी असायची आणि प्रत्येकाची गाठ निराळी. गणपतराव गवंडी बैल दाव्याला बांधावा तशी गाठ मारायचा, बाळासोची गाठ गवताची पेंढी आवळतात त्या वेठीसारखी. अंधारात नुसता हात फिरवून ती सांगायची की हे अमक्याचं, हे तमक्याचं. सकाळी ज्याचं पोतं त्याला द्यायच्या आधी गाठीवरून अंगठा फिरवायची. गाठ तशीच असली की पोतं पुढे सरकवायचं, एवढीच तिची वही.

त्यात सगळ्यांत अवघड गाठ आकाराम सुताराची. हा उचगावचा. त्या गावाहून येणारा तो एकटाच. चाळिशीच्या आतबाहेरचा, उंच, कमी बोलणारा आणि डावरा. डावरा सुतार म्हणजे नुसता हात वेगळा नव्हे. त्याच्या वाकसाचा दांडा उलट्या अंगानं झिजलेला, रंध्याची मूठ उलट्या अंगानं गुळगुळीत झालेली. त्याचं हत्यार दुसऱ्याच्या हातात बसायचं नाही आणि दुसऱ्याचं त्याच्या हातात. गाठही तशीच. आपण जिकडे ओढू तिकडे ती आणखी आवळायची. एका संध्याकाळी बाळासोनं पैज मारून ती सोडवायला घेतली. नखं लावली, दात लावले, शेवटी शिव्या द्यायला लागला. आकारामनं हसत हसत पोतं आपल्याकडे फिरवलं आणि डाव्या हातानं एक टोक खेचलं. गाठ सुटली. बनाबाई पदराआड तोंड करून किती तरी वेळ हसत होती. असली गाठ असेल तर चोरसुद्धा रडत बसेल, असं ती म्हणाली. त्या संध्याकाळी मीही जिन्यावर बसून हसत होतो.

आकाराम आणि बनाबाई यांच्यात बोलणं फार नसायचं. पण पोतं ठेवून निघताना तो न चुकता म्हणायचा, ‘बनाक्का, सांबाळा.’ ती म्हणायची, ‘जा बिनघोर.’ चार वर्षं मी रोज हे ऐकत होतो.

त्रेपन्न साली पितृपंधरवड्यात आकाराम एका संध्याकाळी लवकर आला. डोळे लाल, अंगात ताप. पोतं ठेवताना त्याला धाप लागली. दोन दिवसांनी येतो म्हणाला. ‘बनाक्का, सांबाळा’ म्हणाला आणि भिंतीला हात टेकत टेकत गेला. दोन दिवस गेले, आठवडा गेला, घट बसले. पोतं भिंतीशी तसंच. बनाबाई रोज सकाळी त्याच्या गाठीवरून अंगठा फिरवायची आणि पोत्याखालची ओल पुसायची.

अष्टमीला सकाळी सगळे कारागीर आपापली पोती घेऊन गेले. खंडेनवमीला हत्यारं घरी हवीत. ती घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा, आणि ज्याची हत्यारं त्यानं हात जोडायचे. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही. वर्षातून हा एकच दिवस हत्यार आणि धनी समोरासमोर बसतात. एरवी भरलेला सोपा रिकामा झाला आणि त्यात आकारामचं एकच पोतं उरलं. बनाबाई दिवसभर दाराशी येऊन रस्ता बघत होती.

कचेरी लवकर सुटली होती. मी जिन्यात सायकल पुसत होतो. सायकल नवी होती आणि पेठेत माझी जी काय पत होती ती तिच्यामुळेच होती. तेवढ्यात एक बाई दारात आली. विटकं हिरवं लुगडं, पाय पोटऱ्यांपर्यंत धुळीनं भरलेले. म्हणाली, उचगावहून आलो. सुताराच्या घरातनं. त्यांना मुदतीचा ताप आहे, अंथरुणावरून उठवत नाही. उद्या पूजेला हत्यारं पाहिजेत म्हणून सारखा धोसरा लावलाय, तेवढी द्या.

बनाबाईचा चेहरा उतरला. ती पोत्याच्या आणि त्या बाईच्या मधे जाऊन उभी राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं मला काही विचारलं असेल. ‘भाऊसाहेब, काय करू?’

मला तेव्हाच म्हणता आलं असतं की तुमच्या घरातलं मला काय कळतं. पण विचारल्यावर गप्प राहील तो कारकून कसला? मी सायकल भिंतीला लावली, हात पुसले आणि कचेरीतल्या आवाजात त्या बाईला नवऱ्याचं नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, ‘त्येच की. डावरं सुतार.’ नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत माझ्या आईलाही होती, थोरल्या बहिणीलाही होती. मला ती ठाऊक नव्हती असं नाही. पण मला तिच्या गप्प बसण्यात खोट दिसली. मी बनाबाईला बाजूला घेऊन म्हटलं, नाव सांगत नाही, आणि डावरा आहे हे तर कामावर कुणीही बघितलं असेल. मग बाईला सांगितलं की त्यांनी कागदावर अंगठा उठवून द्यावा आणि तो कागद घेऊन उद्या यावं. कोरा कागदही मीच दिला, कचेरीचा. केवढा उदार.

ती म्हणाली, ‘द्या की वो आक्का. मानूस लई तळमळतंय.’ बनाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती पोत्यापुढून हलली नाही. ‘ज्येच्या हातानं ठेवली त्येच्याच हातात देणार मी. एकदा दुसऱ्याला दिलीती बाई,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्यांदा न्हाय जमायचं मला.’ बाईला त्याचा अर्थ काय कळणार? ती कागदाची सुरळी करून कनवटीला लावून निघून गेली.

नवमीला सकाळी ती पुन्हा दारात होती. म्हणजे अष्टमीला तिन्हीसांजेला घरी पोचली असेल आणि पहाटे कोंबड्याला उठून पुन्हा चालली असेल. कागदावर मधोमध काजळाचा अंगठा उठवलेला होता, थोडा फिसकटलेला. तिनं कागद माझ्या हातात दिला आणि मी न विचारता, खाली बघत, एका दमात म्हणाली, ‘आकाराम. नाव आकाराम.’ म्हणताना तिचे कान लाल झाले होते.

बनाबाईनं ते ऐकलं आणि वाकून पोत्याला हात घातला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ती देणार होती. आणि मी कागद उजेडात धरून म्हणालो, ‘बनाबाई, थांबा. यावर साक्षीदार नाही. अंगठा काय, कुणाचाही असू शकतो.’

तो हात तसाच थांबला. कृष्णातचं नाव घेणाराही असाच बिनचूक नाव सांगून गेला होता. बनाबाईनं पोत्यावरचा हात काढून घेतला.

ती बाई रडली नाही, भांडली नाही. आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग पदर कमरेला खोचून वळली आणि झपाझप चालत गेली. पूजेची वेळ टळू नये म्हणून पळत असावी, हे मला आज सुचतं. उचगाव सायकलनं अर्ध्या तासाच्या वाटेवर होतं. पोतं कॅरियरला बांधून, त्या बाईला पुढे चालू द्यायचं आणि मागून जाऊन आकारामच्याच हातात ते द्यायचं. कायदाही मोडला नसता आणि पूजाही झाली असती. हे सुचायला अक्कल लागत नाही, पण त्या दिवशी ते आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मी त्याच सायकलवरून अंबाबाईच्या दर्शनाला गेलो आणि येताना पेढे आणले.

बनाबाईनं त्या दिवशी पोत्यासमोर रांगोळी काढली. पोतं उघडायचा तिला अधिकार नव्हता म्हणून गाठीलाच हळदकुंकू लावलं, गाठीवरच झेंडू ठेवला. हत्यारं बिनपूजेची राहू नयेत, म्हणाली. माझे पेढे तिनं घेतले नाहीत. संध्याकाळी ती जिन्याखाली येऊन मला म्हणाली, ‘भाऊसाहेब, ती बाई खोटी नव्हती. खोटं मानूस दोनदा चालत येत न्हाय.’ सकाळी उठून उचगावला जायचं आमचं ठरलं.

दसऱ्याच्या सकाळी मी पोतं कॅरियरला बांधलं. बनाबाईला पुढे बसा म्हटलं तर ती तयार होईना, म्हणून मी सायकल हातात धरली आणि ती पोत्यावर एक हात ठेवून शेजारून चालू लागली. गावातून आपट्याचे ढीग घेऊन बायका बाजारात येत होत्या. बनाबाई वाटेत एकटीच बोलत होती. आकाराम भेटला की त्याला काय सांगायचं ते घोकत होती. पूजा दसऱ्यालाही चालते, देव काय तिथी बघून कोपत नाही, आणि बायकोला बोल लावू नको, चूक माझी, असं बरंच काही. तिचा चेहरा मोकळा झाला होता. मलाही बरं वाटत होतं. मी मनातल्या मनात त्याची माफीही मागून टाकली होती.

उचगावात शिरल्यावर पारावरच्या एका म्हाताऱ्याला आकाराम सुताराचं घर विचारलं. त्यानं आधी पोत्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि नुसता हात लांब करून दाखवला. घराशी गेलो तर अंगणात चार-पाच माणसं उघड्या डोक्यानं बसली होती. बनाबाई पोत्याला धरून तिथंच उभी राहिली. मी सायकल स्टँडवर लावू लागलो, आणि ती लागेना.

आकाराम नवमीला दिवस कलताना गेला होता. रात्रीच्या आत त्याला नेलंही होतं.

शेजारची अंबूबाई म्हणून एक बाई दाराशी आली आणि तिनं सगळं सांगितलं. ती आम्हाला ओळखत नव्हती. दुखवट्याला आलेले समजून सांगत होती. चिमणाबाई, म्हणजे आकारामची बायको, सकाळी रिकाम्या हातानं परत आली. नवरा दाराकडे डोळे लावून पडलेला. तिनं त्याला खरं ते सांगितलं, हत्यारं जागेवर आहेत, पण बनाबाई देत नाही. आकारामला ते पटलं नाही. बनाबाई देणार नाही असं होईलच कसं, म्हणाला. मग चिमणाबाईनं गावातल्या दुसऱ्या सुताराची हत्यारं मागून आणली, पाटावर मांडली, फुलं वाहिली आणि आली बघा तुमची हत्यारं म्हणून वाकस त्याच्या डाव्या हातात दिला. डोळ्यांनी त्याला नीट दिसत नव्हतं. त्याच्या बोटांनी दांडा चाचपला. वर गेली, खाली आली, अंगठ्यानं खोलगट जागा शोधली. ती नव्हती.

अंबूबाई म्हणाली, ‘वाकस तसाच पाटाव ठेवला त्यानं. म्हनला, ही माझी न्हवंत. माझी चोरीला गेली. म्हनूनच दिली न्हाईत तिनं, तोंड दावायला लाज वाटली आसंल बिचारीला. आनि म्हनला, बनाक्काला कुनी बोलू नगासा. तिच्या मालकाची बी अशीच गेलती, लई सोसलंय तिनं.’

त्यानंतर तो काही बोलला नव्हता.

मी बनाबाईकडे बघायचं टाळलं. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो रडण्याचा नव्हता. ती कॅरियरची दोरी सोडायला लागली, मी मदत केली. पोतं तिनं दोन्ही हातांनी उचललं, घरात गेली आणि भिंतीला टेकून बसलेल्या चिमणाबाईसमोर ते ठेवलं. ‘हाईत बाई,’ ती म्हणाली. ‘समदी हाईत. एक बी गेली न्हाय.’

चिमणाबाईनं तिला ओळखलं. आवाज न चढवता ती म्हणाली, ‘ज्येच्या हातानं ठेवलीती त्येच्याच हातात देणार म्हनालीस न्हवं? वड्याकडंला हाय त्यो. जा, दे जा.’

बनाबाई खाली बसली आणि गाठ सोडवायला लागली. हत्यारं शाबूत आहेत हे तिला दाखवायचं होतं, दुसरं तिला काही सुचत नव्हतं. हळदकुंकवानं सुतळी लाल-पिवळी झाली होती. ती ओढत होती आणि गाठ आवळत होती. नखं लावली, दात लावले. तिच्या बोटांना रक्त आलं तरी ती थांबेना. मला बाळासोची पैज आठवली.

चिमणाबाई थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं पोतं आपल्याकडे फिरवलं आणि एक टोक खेचलं. गाठ सुटली.

इतक्या सहज सुटली की तिला स्वतःलाही त्यात काही वाटलं नाही. पंधरा-वीस वर्षं त्या माणसाच्या भाकरीची गाठोडी ती सोडवत आली होती. आत वाकस होता, दांडा काळाभोर, डाव्या अंगाला अंगठ्याएवढा खोलगट. रंधा, करवत, गुण्या. पटाशीच्या धारेवर तांबूस डाग धरला होता. चिमणाबाईनं तो पदरानं पुसला, आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

बनाबाई त्या सुटलेल्या सुतळीकडे बघत होती. परतताना उचगाव मागे पडलं. मग चालता चालता ती थांबली आणि म्हणाली, ‘भाऊसाहेब, तिला गाठ सोड म्हनलं आसतं तर झालं आसतं. तेवढंच म्हनायचं हुतं मी. मला गाठीबिगर दुसरं काय येतंय?’

कागद मी मागितला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारागीर पोती घेऊन आले तेव्हा बनाबाईनं त्यांना पाणी दिलं आणि पोती उचलून न्यायला सांगितली. त्यांना वाटलं, काही तरी चुकलं असेल. गणपतरावानं लुगडं आणलं, बाळासोनं हात जोडले. तिनं कारण सांगितलं नाही आणि त्यांनी विचारायचं सोडलं नाही. शेवटी ते आपापली हत्यारं खांद्यावर वागवू लागले. दिवाळीच्या सुमारास बाळासोचा रंधा बांधकामावरून गेला. हे सांगायला तो बनाबाईच्या उंबऱ्यावर येऊन बसला. ती ऐकत राहिली आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. ढलप्या यायच्या बंद झाल्या होत्या. ती रस्त्यावरचं शेण गोळा करून शेण्या थापू लागली, आणि माडीवरच्या माझ्या खोलीत पहिल्यांदा शेणीचा धूर येऊ लागला.

तिनं मला कधी दोष दिला नाही. भाड्याला एक दिवस उशीर झाला तर तोंड सोडायची, पण त्या कागदाबद्दल अवाक्षर नाही. कृष्णात तिला बोलला नव्हता, तशी ती मला बोलली नाही. ते किती वाईट असतं हे तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. सत्तावन्न साली ती गेली. शेवटच्या आजारात एका दुपारी मी पेज घेऊन गेलो तेव्हा तिचा अंगठा गोधडीच्या काठावरून सारखा फिरत होता. मी विचारलं, काय पाहिजे. म्हणाली, ‘आकारामचं पोतं गेलं का घरला?’ मी म्हटलं, गेलं. ‘त्येच्या हातात दिलं न्हवं?’ मी म्हटलं, हो, त्याच्याच हातात. आयुष्यभर कागदाशिवाय कशावर विश्वास न ठेवलेल्या माणसानं तोंडी खोटं सांगितलं, आणि तिनं ते पुरावा न मागता मानलं.

मी आता निवृत्त होऊन जयसिंगपुरात असतो. खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर सायकल नाही, पण विळी, कात्री, शिवणाचं यंत्र, सगळं मांडलं जातं. श्यामला, माझी पत्नी, दर वर्षी माझ्याकडे टाक आणि दौत मागते. जन्मभर लेखणीवर पोट भरलं, एक दिवस तिला हात जोडायला काय होतं, म्हणते. मी देत नाही. त्या दिवशी सकाळी मी पेटीच्या तळातून कचेरीचा तो कागद काढतो. काजळाचा अंगठा आता पुसट झालाय. ठसा डाव्या हाताचाच आहे, आणि ताप आलेल्या माणसाच्या घामानं तो कडेला फिसकटलेला आहे. साक्षीदार नाही म्हणून मी तो नाकारला होता. मी तो परत घडी घालून ठेवतो आणि पूजेला जातो.